टोपण असलेला ६४ जीबी पेनड्राइव्ह : दीड वर्षाच्या वापरानंतर

गिरगावात मी मराठी पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या अक्षरजुळणीचे काम करतो. जुळवून झालेली पाने प्रभादेवीच्या छापखान्यात पोहोचवण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये मी लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे पाटीवर ज्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग असे आहे त्या रस्त्यावरील एका दुकानातून, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह साडेचारशे रुपयांना घेतला. तो यूएसबी ३.२ जेन १ प्रकारचा, म्हणजे यूएसबी २ हून वेगवान जोडणीचा, असून त्याला स्वतंत्र टोपण आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीचे पेनड्राइव्ह अनेक कंपन्या विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते घडणीविषयी व निगेविषयी आहे. फाइली इंटरनेटवरून का पाठवत नाही, असे अनेक जण विचारतात. मोठ्या चित्रांसह एका अंकाचे फोल्डर चार-पाच जीबींचे होते, त्यासोबत आमच्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टांच्या फाइलीही द्याव्या लागतात आणि शेवटच्या दुरुस्त्या तर छापखान्यातच बसून कराव्या लागतात. त्यामुळे चर्नी रोडहून लोकल पकडणे आणि खिशातून पाने नेणे हेच अजूनही सोयीचे पडते.

टोपणाचा आग्रह मी अनुभवातून धरला. फिरत्या पत्र्याच्या झाकणाचे पेनड्राइव्ह दिसायला सुटसुटीत असतात, पण त्यांतील बऱ्याच जणांचे तोंड पिशवीत असताना पुढून उघडेच राहते. यूएसबीच्या त्या चौकोनी धातूच्या तोंडात प्लास्टिकची एक पट्टी असते आणि तिच्यावर चार संपर्कपट्ट्या असतात. यूएसबी ३ पासून त्यांच्या मागे आणखी पाच आल्या. खिशातला कापसाचा धागा किंवा पिशवीतली बिस्किटाची भुकटी तेथे जाऊन बसली, की कधी पेनड्राइव्ह ओळखला जातो, कधी जात नाही आणि कधी ओळखला गेला तरी यूएसबी २ च्या मंद गतीने चालतो. मुंबईत याला पावसाळ्याची जोड मिळते. जुलै महिन्यात हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि आमच्या भागात समुद्राची खारी हवा वर्षभर असते, त्यामुळे उघड्या धातूवर हळूहळू डाग धरतात. टोपण ही हवा पूर्णपणे अडवत नाही, पण धूळ व धागे नक्की अडवते. पावसात मी पेनड्राइव्ह झिप असलेल्या लहान प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतो. तो भिजलाच, तर लगेच संगणकाला लावण्याऐवजी दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा, कारण निव्वळ पाण्यापेक्षा पाणी आत असताना वीज जोडण्याने अधिक नुकसान होते. तोंडावर डाग दिसलेच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित ओला केलेला, धागे न सोडणारा कपडा हलकेच फिरवणे पुरेसे असते. टाचणीने खरवडू नये. संपर्कपट्ट्यांवरचा मुलामा फारच पातळ असतो.

या पेनड्राइव्हचे टोपण काढल्यावर मागच्या टोकावर बसते, त्यामुळे ते हरवत नाही. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण छापखान्याच्या टेबलावर कागदांच्या कातरणांत टोपण हरवणे अगदी सहज घडते. दीड वर्षात त्याची पकड थोडी सैल झाली आहे, इतकी मात्र तक्रार आहे. मागे एक कडीही आहे. तिच्यात किल्ल्यांचा जुडगा अडकवण्याचा मोह टाळावा, असे मी आवर्जून सांगेन. तोंडाचा भाग आतल्या सर्किटच्या पट्टीला सोल्डरच्या बारीक डागांनी जोडलेला असतो. पेनड्राइव्ह संगणकात असताना मागे लोंबणाऱ्या किल्ल्यांचे वजन आणि त्यांना लागणारे धक्के त्या डागांवर तरफेसारखे काम करतात. डाग तुटला की चिप शाबूत असूनही पेनड्राइव्ह निकामी होतो. मी कडीत फक्त एक रंगीत नाडी बांधली आहे, कारण ती दिसली की पेनड्राइव्ह छापखान्यात विसरून येणे टळते.

विकत घेतल्यावर त्यात पहिलीच फाइल टाकण्याआधी मी त्याची क्षमता तपासली. बाजारात असेही पेनड्राइव्ह मिळतात, ज्यांच्या आतील कंट्रोलरला, म्हणजे चिपचा कारभार पाहणाऱ्या भागाला, खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणकाला क्षमता ६४ जीबी दिसते, प्रत्यक्षात चिप आठ जीबीची असते. आठ जीबी भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. पुढे कॉपी तक्रार न करता पूर्ण होते आणि फाइली उघडायला गेल्यावर त्या कामातून गेलेल्या असतात. एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने मी संपूर्ण पेनड्राइव्ह भरला आणि परत वाचून पाहिला. भरण्यास पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागला, वाचण्यास दहा-अकरा मिनिटे. एकही चूक निघाली नाही. विंडोजमध्ये क्षमता ५९ जीबीच्या आसपास दिसते, ती फसवणूक नव्हे. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, एवढाच तो फरक आहे.

वेगाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चार जीबींचे फोल्डर टाकायला तीन-साडेतीन मिनिटे आणि वाचायला पाऊण मिनिट लागते. शेकडो लहान फॉन्ट-फाइली असतील, तर वेग बराच कोसळतो. म्हणून मी त्यांची एकच झिप फाइल करून टाकतो.

खरा प्रश्न पेनड्राइव्ह काढण्याचा आहे आणि येथे मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण याआधीचा पेनड्राइव्ह मी याच कारणाने गमावला. एका दिवाळी अंकाची पाने घेऊन मी एका छापखान्यात गेलो होतो. दुरुस्त केलेली फाइल परत पेनड्राइव्हवर साठवली जात असताना, पडद्यावरची हिरवी पट्टी संपलेली पाहून तिथल्या माणसाने पेनड्राइव्ह उपसून माझ्या हातात दिला. घरी येऊन पाहतो, तर ती एकच फाइल नव्हे, सबंध फोल्डर नाहीसे झालेले. असे होण्यामागे दोन कारणे असतात. पहिले असे, की पट्टी संपली तरी काही मजकूर संगणकाच्या मेमरीत लिहिला जाण्याची वाट पाहत असू शकतो. दुसरे असे, की फ्लॅश चिपमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हमधील साठवणीच्या चिपमध्ये, हवे तेवढेच अक्षर खोडून नवे लिहिता येत नाही. मजकुराचा एक मोठा गट, म्हणजे ब्लॉक, एकदम पुसावा लागतो आणि त्यातील जुना मजकूर दुसरीकडे हलवावा लागतो. ही हलवाहलव चालू असताना वीज तुटली, तर ज्या फाइलींना आपण हातही लावलेला नाही त्यांचाही बळी जातो. त्यातच कोणती फाइल कोठे आहे याची नोंदवही बिघडली, तर मजकूर चिपवर असूनही संगणकाला तो सापडत नाही.

सुदैवाने मी त्यानंतर त्या पेनड्राइव्हवर काहीही लिहिले नाही. विंडोज फॉरमॅट करायचे का, म्हणजे पुसून नव्याने मांडायचे का, असे विचारत होते, तेव्हा नाही म्हटले आणि फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने फाइली दुसऱ्या डिस्कवर काढल्या. बहुतेक पाने परत आली. पण हा प्रोग्रॅम नोंदवही न पाहता थेट मजकुरावरून फाइली ओळखतो, त्यामुळे नावे गेली आणि चारशेहून अधिक फाइली एकेक उघडून ओळखाव्या लागल्या. त्या दोन रात्री मला अजून आठवतात. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी चटकन काढण्याची व्यवस्था (मजकूर मेमरीत न थांबवता लिहिण्याची) मुळातच लागू असते आणि त्यामुळे धोका कमी झाला आहे. तरीही छापखान्यातील संगणक कोणता आणि त्याची मांडणी कशी, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून मी संगणकाला ‘इजेक्ट’ (पेनड्राइव्ह सुरक्षित सोडण्याची आज्ञा) म्हटल्याशिवाय आणि दिवा लुकलुकायचा थांबल्याशिवाय पेनड्राइव्हला हात लावू देत नाही.

फॉरमॅट, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत, मी एक्सफॅट ठेवला आहे; फॅट३२ आणि एनटीएफएस या अशाच दुसऱ्या पद्धती. फॅट३२ मध्ये चार जीबींहून मोठी एकच फाइल मावत नाही आणि एनटीएफएस केले, तर छापखान्यातील मॅकवर फाइली वाचता येतात पण मुळात लिहिता येत नाहीत. एनटीएफएस बदलांची आधी नोंद ठेवते, ती सोय एक्सफॅटमध्ये नाही. तेव्हा एक्सफॅट निवडणाऱ्याने काढताना अधिक जपावे.

परक्या संगणकावरून येणाऱ्या व्हायरसचा त्रास छापखाने आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजूनही होतो. फोल्डर लपतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. त्यांवर क्लिक केले की लागण आपल्या संगणकात येते. घरी परतल्यावर आधी स्कॅन, मग दुरुस्त फाइल उतरवून घेणे आणि शेवटी पेनड्राइव्ह रिकामा करणे, असा माझा क्रम आहे. वारंवार पुसण्याने चिप झिजते हे खरे, पण तिचे ब्लॉक शेकडो ते काही हजार वेळा पुसणे सोसतात आणि आठवड्यातून एकदा पुसणाऱ्याला त्याची चिंता नको.

रिकामा करण्यामागे आणखी एक विचार आहे. फ्लॅश मेमरी, जी तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली, ती मजकूर म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार म्हणून साठवते आणि हा भार वर्षानुवर्षे अगदी हळू झिरपत जातो; उष्णतेत, विशेषतः उन्हात उभ्या गाडीत, तो अधिक वेगाने झिरपतो. जुन्या अंकांची पाने पेनड्राइव्हमध्ये भरून कपाटात ठेवणारे काही प्रकाशक मी पाहिले आहेत आणि त्यांना पुन्हा पुन्हा विनंती केली आहे, की पेनड्राइव्ह हा निरोप्या आहे, कोठार नव्हे. माझी मूळ पाने दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर असतात आणि पेनड्राइव्हवर जाते ती केवळ प्रत.

या पेनड्राइव्हची रुंदी जास्त असल्याने माझ्या लॅपटॉपचा शेजारचा पोर्ट अडतो आणि मोठी कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह चांगलाच तापतो. त्यामुळे पूर्ण अंक टाकल्यावर मी तो पाच मिनिटे निवू देतो आणि मगच टोपण लावतो. कंपनीची हमी पाच वर्षांची आहे, पण ती वस्तूची आहे, आतील फाइलींची नव्हे. रोज प्रवास करणाऱ्या आणि फाइली हातोहात द्याव्या लागणाऱ्या माणसाला मी ही घडण निःसंकोच सुचवेन. गेल्या महिन्यात मी याच प्रकारचा दुसरा घेतला, त्याच्या पाठीवर खरेदीची तारीख मार्करने लिहिली आणि तो फक्त फॉन्टांसाठी वेगळा ठेवला आहे.