सांधेदुखीचं 'आर्थ्रायटिस प्रोफाइल': पैसे कुठे वसूल, कुठे वाया

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर व सीआरपी (अंगातली सूज-दाह दाखवणाऱ्या), आरए फॅक्टर (आमवाताचा, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचा सूचक), यूरिक अ‍ॅसिड, एएसओ (स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गाचा माग) आणि कॅल्शियम. बहुतेक लॅबच्या पॅकेजात साधारण एवढंच असतं. रक्त घरी येऊन नेतात, ही सोय मोठीच. पण एकाच वेळी बरेच सांधे दुखत असतील, तर ही निवड तोकडी पडते.

आरए फॅक्टरवरूनच सगळ्यात जास्त घबराट होते. धडधाकट माणसांतही शंभरातल्या पाचेक जणांचा तो पॉझिटिव्ह येतो. उतारवयात, हिपॅटायटिस सी किंवा टीबीमध्ये त्याहून जास्त. उलट आमवात असूनही तो निगेटिव्ह येऊ शकतो. त्यापेक्षा भरवशाची अँटी-सीसीपी ही आमवाताची रक्तचाचणी साध्या पॅकेजात बहुधा नसतेच. एएसओ उपयोगी पडते ती मुख्यतः मुलांच्या संधिज्वरात (रुमॅटिक फीव्हर); चाळिशीच्या माणसाला तिचे पैसे का लावावेत? यूरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणजे गाऊट (सांध्यात त्याचे खडे साचून होणारा आजार) झाला असं नाही, आणि गाऊटच्या ऐन ठणक्यात ते नॉर्मलही दिसतं.

ईएसआरची गोम वेगळीच. साध्या तापमानाला ठेवलेलं रक्त चार तासांच्या आत तपासायला लावावं लागतं. सकाळी सातला घेतलेली नळी दुपारपर्यंत डब्यात फिरली, तर आकडा खोटा कमी येतो. नमुना कधी लावणार, हे आधीच विचारा. अ‍ॅनिमियात मात्र तो उगाच वाढतो, म्हणून सीआरपी सोबत हवीच.

जे हवं ते पॅकेजाबाहेर राहतं: टीएसएच (थायरॉइडसाठी), व्हिटॅमिन डी, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं-यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). ताप येऊन गेल्यावर सांधे धरले असतील तर चिकुनगुन्या आयजीएम ही अँटिबॉडी टेस्ट, पण पहिल्या चार-पाच दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवा. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात, स्तनाच्या कर्करोगावरच्या लेट्रोझोलने सांधे.

सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहतात का, पंजा आडवा दाबल्यावर कळ येते का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का, हे कुठलीच लॅब सांगत नाही. फायब्रोमायाल्जियात (अंगभर दुखत राहण्याचा आजार) तर सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, दुखणं खरंच असतं.

म्हणून आधी डॉक्टरांकडून अंगतपासणी, मग डॉक्टर सांगतील तेवढ्याच सुट्या टेस्ट. एखादा सांधा लाल, गरम, टम्म सुजलाय आणि तापही आहे, तर पॅकेज बुक करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं.