जागतिक स्पर्धेचं अनुदान की कंपन्यांचा सीएसआर?

गोवंडीत कुपोषित मुलांसाठी आहार केंद्र चालवणाऱ्या एका ताईंना प्रश्न पडलाय: परदेशी अनुदान स्पर्धेत उतरायचं, की इथल्या कंपन्यांकडे त्यांचा सीएसआर, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च, मागायला जायचं? त्यांच्या भिंतीवर मुलांच्या वजनांचा, पेनाने भरलेला तक्ता आहे. माझ्या मते तोच त्यांचा सर्वात मोठा पुरावा.

रकमेत स्पर्धेला तोड नाही. अमेरिकेतल्या मॅकआर्थर फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या स्पर्धेत २०१७ साली एकाच प्रकल्पाला १० कोटी डॉलर मिळाले. पण जिंकणारे मोजकेच. हरलात तर अर्जावर घालवलेले महिने वाया जातात, आणि छोट्या संस्थेला ते फार महाग पडतं.

खरी अडचण कागदपत्रांची. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागते: संस्था ३ वर्षं जुनी हवी, त्या काळात मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेत. शिवाय प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा.

सीएसआरलाही १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि ३ वर्षांचा अनुभव लागतोच. मात्र कायदाच कंपन्यांना आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी ३ वर्षं पैसे देता येतात. रोज खिचडी शिजवायची तर हेच महत्त्वाचं.

ताईंनी सीएसआरच धरावा. अनेक राज्यांत नेता येईल असं सिद्ध मॉडेल आणि एफसीआरए हाताशी असलेल्यांनी स्पर्धेत जरूर उतरावं. कॉलेजच्या मुलांकडे सामाजिक प्रश्न सोडवणाऱ्या व्यवसायाची कल्पना असेल, तर त्यांच्यासाठी हल्ट प्राइझ ही विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा आहे.