परदेशातला वसंत वेबकॅमवर हेरून ठरवलेली सहल: काही महिन्यांच्या वापरानंतर

युरोपात वसंत बघायला कधी जावं, असं विचारलं की ‘एप्रिल-मे’ असं उत्तर मिळतं. ते पुरेसं नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय. जानेवारीपासून मी आणि माझा नवरा उत्तर इटलीतल्या व्हाल व्हेनोस्ता या सफरचंदांच्या खोऱ्यातले वेबकॅम बघत होतो आणि त्यावरून एप्रिलची सहल आखली. हे कॅमेरे फुकट बघता येतात. पर्यटन कार्यालयं, रोपवेवाले आणि गावातली हॉटेलं ते लावून ठेवतात. परत आल्यावरही आमचं बघणं चालूच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आमची अडचण सांगते, कारण निफाड-दिंडोरीकडच्या बऱ्याच घरांची ती असेल. द्राक्षाचा माल निघाला की खरड छाटणी, म्हणजे वेलीच्या जुन्या काड्या आखूड छाटणं, येते, आणि छाटणी उरकून नवे फुटवे विरळणीला (जास्तीचे काढायला) येईपर्यंत जी काय सवड मिळते तेवढीच. म्हणजे तारीख ठरते ती बागेच्या सोयीने. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर 6 महिने आणि निदान 15 दिवस आधी करावा लागतो, त्यासाठी मुंबईची खेप, विमानाची तिकिटं त्याच्याही आधी. फुलोऱ्याचा भरवशाचा अंदाज मात्र अगदी तोंडावर येतो. कॅमेऱ्यात बहर दिसला आणि बॅग भरली, असं नाशिकहून जमत नाही.

मग कॅमेऱ्याचा उपयोग काय? मुक्काम किती उंचीवर करायचा ते ठरवायला. अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने 1918 मध्ये एक ठोकताळा मांडला होता: दर 400 फूट (साधारण 120 मीटर) उंचीमागे वसंत साधारण 4 दिवस उशिरा येतो, आणि उत्तरेकडे 1 अंश अक्षांश सरकलं तरी तितकाच उशीर होतो. व्हाल व्हेनोस्तात हा हिशेब डोळ्यांनी पडताळता येतो. मेरानो सव्वातीनशे मीटरवर, सिलांद्रो सातशेच्या थोडं वर, आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाचं माल्लेस हजार मीटरच्या आसपास. मेरानोत सफरचंद फुललं की सिलांद्रोत जवळपास दोन आठवड्यांनी, माल्लेसकडे आणखी पुढे. ही तिन्ही गावं साधारण 60 किलोमीटरच्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. मधली काही वर्षं बंद असलेला हा मार्ग 2005 मध्ये पुन्हा सुरू झाला. आम्ही विमानाची तिकिटं बागेच्या हिशेबाने काढली, खोल्या मात्र खालच्या आणि मधल्या अशा दोन गावांत, रद्द करता येतील अशा घेतल्या. निघायच्या आठवड्यात मेरानोच्या कॅमेऱ्यात पाकळ्या गळून पानं दिसायला लागली होती. खालची खोली सोडली आणि सिलांद्रोची ठेवली. तिथे ऐन बहर सापडला.

बघायची पद्धत सांगते. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलली की साडेतीन तास. सकाळी चहाबरोबर बघाल तर तिकडे काळोख. दुपारची जेवणं झाल्यावर बघावं, तेव्हा तिथे कोवळं ऊन असतं. एकच कॅमेरा, त्यातली झाडांची एकच ओळ धरावी आणि आठवड्याला एक स्क्रीनशॉट ठेवावा. मागच्या डोंगरावरची बर्फाची रेघ किती वर सरकली तेही त्यात कळतं.

पांढरं दिसलं म्हणजे सफरचंदाचा फुलोरा, असं मात्र धरू नका. या खोऱ्यात जर्दाळूही होतात आणि ते सफरचंदाच्या आधी, पानं यायच्या आत फुलतात. शिवाय बागांवर गारपिटीसाठी जाळ्या असतात. त्या पसरल्या की दुरून पांढुरका पट्टाच दिसतो. सफरचंदाच्या कळीला गुलाबी छटा असते, ती जवळच्या कॅमेऱ्यातच ओळखू येते. आणि पुष्कळसे कॅमेरे स्की-लिफ्टवर बसवलेले, शिखरांकडे तोंड केलेले. बागांकडे वळलेला कॅमेरा शोधायलाच वेळ लागतो.

जे कॅमेऱ्यात नीट दिसलं नसतं ते तिथल्या एका पहाटे बघायला मिळालं. रात्री पारा शून्याखाली गेला होता आणि बागेत तुषार सिंचन चालू होतं. फांदी न् फांदी बर्फात मढलेली, प्रत्येक फुलाभोवती पारदर्शक कवच, आत पाकळ्या जशाच्या तशा. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे आतलं फूल शून्याच्या आसपास राहतं आणि वाचतं. उन्हाने बर्फ वितळेपर्यंत पाणी चालू ठेवावं लागतं. मध्येच थांबवलं तर फूल जातं. निफाडला थंडीची लाट आली की आमच्याकडे बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात. नवरा कुंपणाशी किती वेळ उभा होता, त्याला हाका मारून मारून मी दमले. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्सच्या द्राक्षबागांतून मेणबत्त्या पेटवल्याची छायाचित्रं आम्ही पाहिली होती, पण समोर बघणं वेगळंच.

कॅमेऱ्यावरून कळत नाहीत अशाही गोष्टी आहेत. एप्रिलच्या मध्यानंतर काही आठवडे डोंगरावरचे बरेच रोपवे आणि हॉटेलं बंद असतात. जवळची 2757 मीटरवरची स्टेल्व्हिओ खिंड हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते, ती साधारण मे अखेरीला किंवा जूनमध्ये उघडते. 25 एप्रिल आणि 1 मे या इटलीतल्या सुट्ट्या, आणि ईस्टर तर दरवर्षी वेगळ्या तारखेला. त्या दिवसांत खोल्या आधी धराव्यात.

ही युक्ती डोंगराळ मुलखातच चालते. हॉलंडची जमीन सपाट, तिथे उंची बदलून फुलं गाठता येत नाहीत. ट्युलिपला एप्रिलचा मध्य धरा, कारण कंद पोसावा म्हणून शेतकरी फुलांचे शेंडे छाटून टाकतात आणि बघता बघता शेत हिरवं होतं. दक्षिण फ्रान्समधल्या प्रॉव्हान्सचं लव्हेंडर जून अखेर ते जुलैचं, मेमध्ये ते मिळणार नाही. मुलांच्या शाळेमुळे मेच हातात असेल तर पहिल्या पंधरवड्यात इंग्लंडच्या रानातली ब्लूबेलची निळी फुलं बघा, किंवा आल्प्समध्ये हजार मीटरच्या वरचं गाव निवडून त्याचा कॅमेरा मार्चपासून बघायला लागा.