गोल्डियनची अंडी: आईबापाखाली ठेवायची की बेंगलीजखाली?

घरट्याच्या पेटीत पाच पांढरीशुभ्र अंडी, आणि मादी मात्र दांडीवर पिसं साफ करत बसलेली. हात लावून पाहावं तर अंडी गार. गोल्डियन फिंच हा छोटा रंगीबेरंगी पक्षी पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर ही संध्याकाळ येते. कुणाला विचारलं की एकच उत्तर मिळतं, "बेंगलीजखाली टाका, काम झालं." बेंगलीज म्हणजे दुसऱ्याची अंडी सहज उबवणारा छोटा पाळीव फिंच. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवणाऱ्या आपल्या लोकांना ही युक्ती नवी नाही. ती चालते, यात वादच नाही. पण तिची किंमत काय, हे अंडी उचलण्याआधी समजून घ्यायला हवं.

झेब्रा फिंच पाळत असाल तर एवढा विचार करू नका. ते स्वतःच उत्तम आईबाप असतात. प्रश्न आहे तो गोल्डियनचा.

गोल्डियन मूळ उत्तर ऑस्ट्रेलियाच्या गवताळ माळांवरची, झाडांच्या ढोलीत अंडी घालणारी. ऑस्ट्रेलियानं १९६० मध्ये आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे बाहेरच्या जगात बंदिस्त पैदाशीवरच भिस्त राहिली. तेव्हापासून ढिगानं गोल्डियन बेंगलीजच्या पोटाखाली वाढल्या. बेंगलीज हा तर जंगलात कुठेच न सापडणारा पक्षी. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाळून तो तयार झाला. त्या मुनियेची जात आपल्या कोकणात आणि सह्याद्रीतही दिसते. (म्हणून रानातली मुनिया पकडून दाई करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे, आणि भेदरलेला रानपक्षी पिंजऱ्यात दुसऱ्याची अंडी उबवणारही नाही.)

आता उबवण्याचं बघू. गोल्डियनमध्ये दिवसा नर-मादी आळीपाळीनं बसतात, रात्री मादी. चौदा-पंधरा दिवसांत पिल्लं निघतात. मादी वर्षाच्या आतली असेल किंवा तुम्ही दिवसातून चार वेळा पेटी उघडत असाल, तर अंडी सोडली जातात, कधी नुकतं निघालेलं पिल्लूही बाहेर फेकलेलं सापडतं. बेंगलीज यात फार सोशिक. पेटी उघडली तरी जागचे हलत नाहीत. दोन नरांची जोडीसुद्धा मन लावून उबवते आणि भरवते. उलट दोन नर असले तर स्वतःची अंडी घालायचा प्रश्नच उरत नाही.

खरा फरक मात्र पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली की कळतो. त्या वयात गोल्डियनची मादी रात्री पिल्लांवर बसणं थांबवते. पिल्लं अजून उघडीवाघडी असतात. डिसेंबरात पुण्यात पारा दहापर्यंत उतरतो, आणि सकाळी पेटीत भरल्या पोटाची, पण थंडगार पडलेली पिल्लं सापडतात. माझ्या पहिल्या हंगामात अशी तीन गेली. चूक पक्ष्यांची नव्हती, गॅलरीला पडदा लावायचं मला सुचलं नव्हतं. बेंगलीज दोघंही रात्री घरट्यातच झोपतात, त्यामुळे पिल्लांना ऊब मिळत राहते. पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी बाहेर पडेपर्यंत हा आधार मोठा असतो.

इथवर बेंगलीजचंच पारडं जड वाटेल. पण दोन गोष्टी फारसं कुणी सांगत नाही.

पहिली, आजार. कोक्लोसोमा नावाचा एक सूक्ष्म परजीवी बेंगलीजच्या आतड्यात असतो. त्यांना स्वतःला काही होत नाही, ते ठणठणीत दिसतात. भरवताना तो गोल्डियनच्या पिल्लांत जातो आणि दहा दिवस ते सहा आठवडे या वयातली पिल्लं वाळत वाळत मरतात. विष्ठेत न पचलेले अख्खे दाणे दिसले तर संशय घ्या. निदान ताज्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली होतं. बाजारातून आणलेली बेंगलीज जोडी थेट दाई म्हणून लावणं हा माझ्या मते सर्वांत मोठा धोका आहे. आधी महिनाभर वेगळी ठेवा, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, औषध आणि मात्रा त्यांनीच ठरवू द्या.

दुसरी गोष्ट, पिल्लाला आपली जात कोणती हे ओळखता येण्याची. क्लाउस इमेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं बेंगलीजखाली वाढवलेल्या झेब्रा फिंचच्या नरांवर प्रयोग केले होते. मोठे झाल्यावर ते नर बेंगलीजच्या मादीपुढेच गायचे. स्वजातीच्या मादीबरोबर राहून पिल्लं वाढवली तरी संधी मिळताच ओढ बेंगलीजकडेच. गोल्डियनच्या बाबतीतही मी ही काळजी घेतो. पिल्लं स्वतः दाणे फोडून खाऊ लागली, म्हणजे साधारण सहा आठवड्यांची झाली, की त्यांना मोठ्या गोल्डियनच्या सोबतीला हलवायचं, जिथून बेंगलीज ना दिसतील ना ऐकू येतील. छोट्या फ्लॅटमध्ये एकच गॅलरी असेल तर हे जमत नाही, याचा विचार आधी करा.

आणि मादीचं काय? अंडी उचलली की ती आठवड्याभरात पुन्हा घालायला लागते. पुन्हा उचलली, पुन्हा घालते. पिल्लांचा आकडा वाढतो, पण मादीच्या हाडांतलं कॅल्शियम संपत जातं, अंडं अडकतं, आणि मादी रात्रीत जाते. समुद्रफेस आणि भाजलेल्या अंड्याच्या टरफलांचा चुरा कायम ठेवूनही हंगामात तीनपेक्षा जास्त वेळा अंडी घेऊ नयेत.

इनक्युबेटर आणि हातानं भरवणं हा तिसरा मार्ग. एवढीशी पिल्लं पहिल्या दिवसापासून हातानं जगवणं घरच्या माणसाला जवळपास अशक्य आहे. तो सोडून द्या.

माझं मत असं: एक-दोन जोड्या असतील, पक्षी आवड म्हणून पाळले असतील, तर अंडी आईबापाखालीच राहू द्या. पहिली खेप वाया गेली तरी चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बऱ्याच जोड्या नीट बसतात. पेटी खोल निवडा, दिवसातून एकदाच डोकवा, भिजवून मोड आणलेला राळा आणि उकडलेल्या अंड्याचं मऊ खाणं पिल्लं निघायच्या आधीपासून सुरू करा. चार-पाच जोड्या असतील आणि एखादा दुर्मीळ रंग जपायचा असेल, तर तपासलेली एक बेंगलीज जोडी हाताशी असावी, अडचणीपुरती. प्रत्येक खेप तिच्याखाली टाकत गेलात तर स्वतःची पिल्लं वाढवणारी जोडी कोणती, हे तुम्हाला कधी कळणारच नाही.

अंडी उचलायची वेळ आलीच तर घाई नको. चौथं-पाचवं अंडं येईपर्यंत गोल्डियन नीट बसत नाही, गार अंडी म्हणजे सोडलेली अंडी नव्हेत. सगळी अंडी झाल्यावरही दोन रात्री मादी बाहेर दिसली तरच हलवा. न उबवलेली अंडी थंड जागी, रोज फिरवत ठेवली तर आठवडाभर टिकतात. बेंगलीजची स्वतःची सगळी अंडी काढून घ्या, कारण दोन्हींची पिल्लं एकत्र वाढली की जोरानं चोच उघडणारी बेंगलीजची पिल्लं खाणं लाटतात. उबवणीच्या सहाव्या दिवशी अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरून लाल शिरा दिसतात का ते पाहा. आणि त्या गोल्डियन मादीची पेटी रिकामी सोडू नका. तिच्याखाली प्लॅस्टिकची अंडी ठेवा, निदान पंधरा दिवस तिच्या शरीराला उसंत मिळेल.