सरत्या हिवाळ्यात स्की की स्नोशू?
क्लबबरोबर पहिल्यांदाच बर्फात भटकायला निघालेली मैत्रीण विचारत होती, क्रॉस-कंट्री स्की (बर्फावर घसरत जायच्या लांब, अरुंद पट्ट्या) घेऊ की स्नोशू (पाय बर्फात खोल जाऊ नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद तळवे)?

शिकायला स्नोशू सोपे, चालता येणाऱ्याला लगेच जमतात. खर्चही कमी, साधे जलरोधक बूट चालतात, स्कीला खास बूट लागतात. स्कीवर तोल आणि थांबणं शिकायला वेळ जातो, पण लय सापडली की तेवढ्याच दमात कितीतरी लांब जाता येतं.

खरा फरक बर्फामुळे पडतो. या दिवसांत दुपारी वितळलेला बर्फ रात्री गोठतो. सकाळच्या त्या कडक थरावर स्की आवरत नाही. स्नोशूच्या तळाचे दाते मात्र त्यात घट्ट रुततात. (स्कीसाठी बर्फात आखलेल्या चरांवरून मात्र स्नोशूने चालू नका, चर मोडतात.)

चढ, जंगल, निवांत गप्पा हव्या असतील तर स्नोशू. सपाट आखीव वाट आणि वेगाची ओढ असेल तर स्की, तीही थर जरा मऊ झाल्यावर.