सॅक्सोफोनचे पॅड घरी बदलायला गेलो आणि व्यवस्थित गंडलो

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो पण खरं सांगायचं तर लाज वाटत होती. फसलो ते फसलोच, वर तीन आठवडे आपलाच हात कच्चा आहे असं समजून स्वतःलाच शिव्या घालत बसलो.

माझा ऑल्टो सॅक्सोफोन जुना, सेकंडहँड घेतलेला. वरचे सूर ठीकठाक, पण लो सी या खालच्या सुराच्याही खाली उतरलं की नुसती गुरगुर, आणि लो बी फ्लॅट, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, तर कधी आलाच नाही. खालचा सूर वाजवताना नळीवरची जवळपास सगळी भोकं बंद असावी लागतात, त्यामुळे वर कुठेही केसाएवढी फट राहिली की तिची बोंब खाली ऐकू येते. पॅड (भोकं बंद करणाऱ्या झाकणातल्या चामड्याच्या गाद्या) बघितले तर चामडं काळंठिक्कर, कडक, दोन-तीन तर चिरलेले. म्हटलं व्हिडिओ बघून आपणच करू, त्यात काय एवढं. (हे वाक्य मी आता आयुष्यात परत म्हणणार नाही.)

ऑनलाइन एक विकणारा सापडला. माणूस गोड बोलणारा, आणि मी पाघळलो ते तो खरं बोलत होता म्हणूनच. मला म्हणाला, "दादा, रेडिमेड सेटच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक कंपनीच्या कपचं माप वेगळं असतं, तुम्ही मापं पाठवा, मी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर देतो." आता यात चुकीचं काही नाही, पॅड खरंच अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मिळतात आणि माप जुन्या पॅडचं नाही तर कपच्या, म्हणजे पॅड बसतो त्या झाकणाच्या, आतलं घ्यायचं असतं, कारण जुना पॅड दबून वेडावाकडा झालेला असतो. माणसाला एवढं कळतंय म्हटल्यावर माझा विश्वास बसला. अख्खी संध्याकाळ व्हर्नियर घेऊन बसलो, ऑक्टेव्ह कीच्या (सूर एक सप्तक वर नेणाऱ्या कळीच्या) चिमुकल्या पॅडपासून बेलवरच्या मोठ्या पॅडपर्यंत २५ मापं लिहून पाठवली. त्याने सांगितलं अस्सल चामडं, आत लोकर दाबून केलेलं फेल्ट, मेटलचे रेझोनेटर (पॅडच्या मधोमध असते ती चकती), चिकटवायला शेलॅकची कांडी वर फुकट. आणि हो, पैसे थेट पाठवा म्हणजे साइटचं कमिशन वाचेल, तेवढं तुम्हाला कमी करतो. पाठवले. इथेच माझी शेपटी त्याच्या हातात गेली.

पार्सल छान आलं. प्रत्येक पॅडच्या पाठीवर मापाचा स्टिकर, २२, ३१, ३१.५ असं सगळं माझ्या यादीप्रमाणे. मी खूश. सगळ्या की (कळा) एकदम काढल्या (ही चूक माझी, एका वेळी दोन-तीनच काढाव्यात), रॉड आणि स्क्रू क्रमाने थर्माकोलवर टोचून ठेवले आणि स्टिकर तसाच ठेवून त्याच्यावरच गोंद वितळवून पॅड बसवत सुटलो.

मग सुरू झाला छळ. अंधार करून नळीत लाइट सोडायचा आणि कुठून उजेड येतो ते बघायचं, तर प्रत्येक पॅडच्या कडेला बीजेच्या चंद्रासारखी बारीक कोर. कप परत तापवा, पॅड हलवा, दाबा, थंड करा, पुन्हा बघा, कोर या बाजूची त्या बाजूला. सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली धरून ओढून बघायचो, मागे बिजागरीकडे घट्ट आणि पुढे सुळ्ळकन बाहेर. या नादात दोन कीवरचे मोत्याचे तुकडे जळाले, एका कपचं लॅकर करपलं, कॉर्क तर किती निघाले याचा हिशोबच नाही. त्याला फोन केला की म्हणायचा, "दादा, नवीन हात आहे, होतं असं. रात्रभर रबरबँड लावून ठेवा, पॅड आपोआप बसतो." तेही केलं. सकाळी रबरबँडचा वळ उठला होता, कोर तिथेच.

त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो बघा, "नवीन हात आहे". हौशी माणसाला माल वाईट की आपण वाईट हे कळायला मार्गच नसतो, आणि त्याला ते पक्कं ठाऊक असतं.

एके दिवशी वैतागून एक पॅड पूर्ण उपटला, तर गोंदाबरोबर स्टिकरही सोलून आला आणि खाली पुठ्ठ्यावर छापलेलं दिसलं, ३०. वरचा स्टिकर ३१.५. क्षणभर काही सुचलंच नाही. मग नख घालून एकेक सोलत गेलो, अकरा पॅडचं माप खोटं निघालं. म्हणजे साधा तयार सेट, वर माझ्या यादीची लेबलं! पॅड कपमध्ये सैल म्हणून एका बाजूला सरकत होता. जाडी मोजली तर काही ४ मिमी, काही ४.८. जाड पॅड आधी बिजागरीकडे टेकतो आणि पुढून उघडा राहतो, म्हणजे माझ्या कागदाच्या पट्टीने मला हेच सांगितलं होतं, मला ऐकता आलं नाही. ब्लेडने एक कापला तर आत फेल्टच्या जागी पांढरा स्पंज. 'मेटल' रेझोनेटरची कड आचेने वळलेली, प्लास्टिकला चंदेरी मुलामा. आणि ती शेलॅकची कांडी, अहो शेलॅक म्हणजे आपली लाख, थंड असताना कडक, वाकवली की काचेसारखी तटकन मोडते. ही रबरासारखी वाकत होती. फुकट मिळालेली म्हणून मी वाकवूनसुद्धा बघितली नव्हती.

फोटो पाठवले तर उत्तर आलं, "वापरलेला माल परत घेत नाही." दुसऱ्या दिवशी ब्लॉक. साइटकडे तक्रार करावी तर व्यवहार साइटवरून झालेलाच नाही.

तेव्हा कोणी हे करणार असेल तर पार्सल आलं की गोंद वितळवायच्या आधी स्टिकर सोला, प्रत्येक पॅड व्हर्नियरने मोजा, रुंदीही आणि जाडीही, आणि सुक्याच कपात घालून बघा, सहज जायला हवा पण आत खुळखुळायला नको. आधी चारच पॅड मागवा. आणि पैसे साइटच्या बाहेर पाठवू नका, कितीही कमी करतो म्हणाला तरी.

मी नंतर दुसरीकडून पाच-पाच करत मागवले. त्याच हातांनी, त्याच लाइटखाली बसवले, आणि पहिल्या पाचातले तीन दुसऱ्या प्रयत्नात बंद झाले. लो बी फ्लॅट आता येतो, जरा खरखरत येतो पण येतो. जी शार्पची की अजून चिकटते, पण ती तर चांगल्या चांगल्या सॅक्सवरही चिकटते, त्याचं खापर त्या माणसावर फोडत नाही.

परवा तो पुन्हा दिसला. नाव वेगळं, फोटो तोच, हिरव्या कापडावर गोल मांडलेले पॅड. खाली एकाने विचारलं होतं टेनरचे (ऑल्टोपेक्षा मोठ्या सॅक्सचे) मिळतील का, आणि उत्तर होतं, "दादा, मापं पाठवा."