एक्सएसएल-एफओमधील बदलते हेडर: स्वतंत्र पेज-सिक्वेन्स की मार्कर?

एक्सएमएल दस्तऐवजातून छापण्याजोगी पाने बनवताना एक्सएसएलटी ही भाषा त्याचे आधी एक्सएसएल-एफओ या पानांची मांडणी सांगणाऱ्या भाषेत रूपांतर करते. हे रूपांतर पूर्ण होते तेव्हा कोणता मजकूर कोणत्या पानावर पडणार हे ठरलेले नसते. पाने पाडण्याचे काम त्यानंतर फॉरमॅटर हा प्रोग्राम करतो. त्यामुळे ‘या पानावर चालू असलेल्या विभागाचे नाव हेडरमध्ये दिसावे’ ही साधी वाटणारी मागणी स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रूपांतराच्या नियमांच्या फाइलमध्ये, थेट लिहिता येत नाही. एक्सएसएल-एफओमध्ये तिच्यासाठी दोन मार्ग आहेत. प्रत्येक प्रकरणाला स्वतंत्र पेज-सिक्वेन्स (सलग पानांचा एक गट) देऊन त्याच्या स्टॅटिक-कंटेंटमध्ये, म्हणजे पानोपानी पुन्हा येणाऱ्या हेडरसारख्या आशयात, प्रकरणाचे नाव लिहून टाकावे, किंवा मजकुरात मार्कर (स्वतः जागेवर न दिसणारी खूण) ठेवून त्यातील आशय रिट्रीव्ह-मार्करच्या साहाय्याने हेडरमध्ये आणावा. दोन्ही सोयी २००१ सालच्या १.० आवृत्तीपासून आहेत. हेडरमधले नाव फक्त नव्या पानावरच बदलते की पानाच्या मध्येही बदलू शकते, या एका प्रश्नाच्या उत्तरावर निवड बहुतांशी ठरते.

नाव नव्या पानावरच बदलत असेल, तर पहिला मार्ग निःसंशय सोपा आहे. प्रकरणाचे शीर्षक रूपांतराच्या वेळीच माहीत असते, शोधाचे कोणतेही नियम लागत नाहीत आणि चूक झालीच तर ती एफओ फाइल उघडताच दिसते. पेज-सिक्वेन्स तोडल्याने पृष्ठक्रमांक तुटतील ही भीती अनाठायी आहे, कारण वेगळे काही सांगितले नाही तर क्रमांक मागील सिक्वेन्सपासून पुढे चालू राहतात. अपाचे एफओपी हा फॉरमॅटर वापरणाऱ्यांना आणखी एक लाभ मिळतो: एकच प्रदीर्घ सिक्वेन्स मेमरी खातो, म्हणून मोठा दस्तऐवज अनेक सिक्वेन्समध्ये विभागणे तसेही हिताचे असते. मर्यादा एकच, पण कठोर आहे. प्रत्येक पेज-सिक्वेन्स नव्या पानावरच सुरू होतो, त्यामुळे एकाच पानावर दोन-तीन विभाग येणाऱ्या नियमपुस्तिकेला किंवा शब्दकोशाला हा मार्ग लागू पडत नाही.

मार्करचा मार्ग अशा मजकुरासाठीच आहे. विभागाच्या ब्लॉकमध्ये अगदी सुरुवातीला, इतर कोणत्याही आशयाच्या आधी, मार्कर ठेवून त्याला मार्कर-क्लास-नेम द्यायचे. हेडरच्या स्टॅटिक-कंटेंटमध्ये त्याच नावाचा रिट्रीव्ह-मार्कर ठेवायचा. खरी परीक्षा त्यावरील रिट्रीव्ह-पोझिशन, म्हणजे पानावरचा कोणता मार्कर उचलायचा हे सांगणारा गुण, निवडताना होते. समजा, पानाच्या वरच्या अर्ध्या भागात तिसरा विभाग संपतो आणि मध्यावर चौथा सुरू होतो. काही न सांगितल्यास लागू होणारे मूळ मूल्य फर्स्ट-स्टार्टिंग-विदिन-पेज असल्याने हेडरमध्ये चौथ्याचे नाव येते. फर्स्ट-इन्क्लुडिंग-कॅरीओव्हर दिले तर तिसऱ्याचे येते. वाचक पानाच्या माथ्यावरून वाचायला लागतो, म्हणून सलग वाचनाच्या पुस्तकात मला दुसरे मूल्य अधिक प्रामाणिक वाटते. संदर्भ शोधण्यासाठी पाने चाळली जातात तिथे मात्र या पानावर नवे काय सुरू झाले हे सांगणारे पहिले मूल्य बरे. शब्दकोशात दोन रिट्रीव्ह-मार्कर शेजारी ठेवतात: डावीकडे पानावरील पहिली नोंद, उजवीकडे लास्ट-स्टार्टिंग-विदिन-पेजने मिळणारी शेवटची.

कॅरीओव्हर निवडूनही हेडर चुकीचे येते, याचे कारण बहुधा मार्करच्या जागेत असते. मार्कर फक्त शीर्षकाच्या ब्लॉकमध्ये ठेवला, तर तो ब्लॉक शीर्षकाबरोबरच संपतो आणि पुढील पानावर ‘चालू असलेले’ असे काही उरत नाही. तो संपूर्ण विभागाला वेढणाऱ्या बाहेरच्या ब्लॉकमध्ये हवा. दुसरा धोका शिळ्या नावाचा आहे. पानावर त्या नावाचा एकही मार्कर नसेल तर फॉरमॅटर रिट्रीव्ह-बाउंडरी या गुणाने ठरणाऱ्या मर्यादेत मागील पाने शोधतो, आणि ही मर्यादा मुळात संपूर्ण पेज-सिक्वेन्सची असते. साऱ्या प्रकरणांचा सिक्वेन्स एकच असेल, तर नव्या प्रकरणाच्या प्रास्ताविकावर मागील प्रकरणाच्या शेवटच्या विभागाचे नाव झळकते. प्रकरणाच्या आरंभी त्याच नावाचा रिकामा मार्कर ठेवल्यास ते पुसले जाते.

मार्करमधील आशयाला फॉन्ट, आकार, रंग हे गुण हेडरच्या जागेवरून मिळतात, शीर्षकाच्या जागेवरून नाही; हेडरची मांडणी एकाच ठिकाणी ठरवता येते, म्हणून हे सोयीचेच आहे. शीर्षकात तळटीप किंवा आयडी (घटकाची एकमेव ओळख) असेल, तर दोन्ही मार्गांत हेडरसाठी एक्सएसएलटीचा वेगळा मोड, म्हणजे नियमांचा वेगळा संच, लिहावा, अन्यथा तळटिपा आणि आयडी दुहेरी होतात. लांबलचक शीर्षकावरही दोन्हींकडे इलाज नाही. रीजन-बिफोरची, म्हणजे हेडरसाठी राखलेल्या पट्ट्याची, उंची आशयाप्रमाणे वाढत नाही आणि हेडर मजकुराला खाली ढकलत नाही, म्हणून मूळ एक्सएमएलमध्येच संक्षिप्त शीर्षकाची सोय असावी.

प्रकरणे नव्या पानावर आणि विभाग सलग, अशी रचना असेल तर दोन्ही मार्ग एकत्र वापरावेत, असा माझा स्पष्ट कौल आहे. प्रत्येक प्रकरणाला सिक्वेन्स द्यावा, सम पानांवर प्रकरणाचे नाव थेट लिहावे आणि विषम पानांवर विभागाचे नाव मार्करने आणावे. त्यासाठी सम-विषम पेज-मास्टरमधील (पानांच्या आराखड्यांतील) हेडर रीजनना वेगवेगळी नावे द्यावी लागतात. सिक्वेन्सची सीमा आड येत असल्याने शिळ्या नावाचा प्रश्न इथे उद्भवत नाही. अनेक पानांवर पसरलेल्या तक्त्याच्या शीर्षओळीत ‘पुढे चालू’ असे दाखवायचे असेल, तर हा मार्कर पुरत नाही. त्यासाठी २००६ सालच्या १.१ आवृत्तीत रिट्रीव्ह-टेबल-मार्कर आला. आपला फॉरमॅटर तो पाळतो का, हे आधी पाहावे.

निवड पक्की करण्यापूर्वी नमुना दस्तऐवजात तीन पाने मुद्दाम घडवून आणावीत: ज्याच्या मध्यावर नवा विभाग सुरू होतो ते, ज्यावर एकही विभाग सुरू होत नाही ते, आणि पहिल्या विभागाआधीच्या प्रास्ताविकाने भरलेले प्रकरणाचे आरंभीचे पान.